आत ऐंशी

कंपनीत रुजू झालो त्याच दिवशी आप्पांनी मला यंत्रावरून खाली उतरवलं. ते एका पंपाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि मी, नवा मेंटेनन्स इंजिनिअर, पंपाच्या लोखंडी बैठकीवर एक पाय टेकवून, कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहत होतो. कुणीतरी फोटो काढावा अशी माझी ऐट होती. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "साहेब, वजन काढा."

कुठलं तरी सामान उचलायला सांगतायत असं वाटून मी इकडेतिकडे पाहिलं. "कुठलं वजन?"

"तुमचं. पाय ठिवलाय त्यो. काटा दीड घर हाल्ला."

मी पाय काढला. त्यांनी समोर बांधलेल्या मापाच्या डायलच्या काट्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि पुन्हा कामाला लागले. कोण, कुठले, काही विचारलं नाही. नंतर कळलं की हे काही माझ्यासाठी खास नव्हतं. आमचे प्लँट मॅनेजर अंगापिंडाने भारदस्त गृहस्थ. ते शेजारून चालत निघाले तरी आप्पा हात वर करून म्हणायचे, "साहेब, जरा लांबनं." मॅनेजर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत वळसा घालून जायचे. आख्ख्या कंपनीत त्यांना वळसा घालायला लावणारा हा एकच माणूस होता.

कंपनी कारेगावच्या पुढे, औद्योगिक वसाहतीच्या टोकाला. आप्पा पाटसजवळच्या एका वस्तीवरचे. आठवडाभर कारेगावात खोली करून राहायचे आणि सुट्टीला मोटरसायकलवरून न्हावऱ्यामार्गे घरी जायचे. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. आप्पांच्या वेळेला मेंढरं गेली, थोडी जमीन आली आणि आप्पा दौंडला रेल्वेतल्या एका उस्तादाच्या हाताखाली फिटर झाले. शाळा चौथीपर्यंत. मेंढरांची एकच खूण त्यांच्याजवळ उरली होती. डायलची लाकडी पेटी ते वडिलांच्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायचे. स्टोअरवाल्याने एकदा त्यांना कंपनीची चेन लावलेली छान बॅग दिली. आप्पांनी तिच्यात जेवणाचा डबा ठेवला.

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. मोटर एका बाजूला, पंखा किंवा पंप दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचे दांडे मधे कप्लिंगने जोडलेले. हे दोन दांडे एका रेषेत पाहिजेत. नसले तर यंत्र थरथरतं, बेअरिंग तापतात आणि एक दिवस काहीतरी तुटतं. ती रेष बघायला डायल. मनगटी घड्याळापेक्षा थोडं मोठं गोल तोंड, एक मोठा काटा आणि खाली पेन्सिलीएवढा पाय. पाय आत दाबला गेला की काटा फिरतो. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. हे सगळं मी डिप्लोमाला शिकलो होतो आणि त्यात मला चांगले मार्क होते. आप्पांना बघितल्यावर पहिल्या आठवड्यातच कळलं की आपण डायल फक्त परीक्षेत वापरला आहे.

डायल लावला की ते स्टँडला नखाने टिचकी मारायचे. एकदा नाही, तीनदा. काटा हलून होता तिथेच परत आला तर पुढे जायचं, नाहीतर सगळं सोडवून पुन्हा बांधायचं. स्टँडचा हात जितका आखूड घेता येईल तितका घ्यायचा, कारण लांब हात स्वतःच्या वजनाने वाकतो आणि त्याचं वाकणं आपण यंत्राच्या नावावर लिहितो. डायलचा पाय जॉबवर काटकोनात टेकवायचा. तिरपा लावलेला दिसला की आप्पा म्हणायचे, "तिरपा लावला की जादा बोलतो त्यो. खरं इचारायचं तर समोर बसून इचारावं." दांडा पूर्ण फेरी फिरवून आणला की काटा शून्यावर परत यायला हवा. शून्याला ते काट्याचं घर म्हणायचे. फेरी झाली की त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, "घरी आला का?" दोन घरांचा जरी फरक पडला तरी आधीचं सगळं रीडिंग रद्द. मॅनेजर मागे उभे राहून घड्याळ बघत असले तरी रद्द.

ही टिचकी पुढे त्यांच्या हातालाच लागली. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात मी एकदा त्यांच्याबरोबर होतो. त्यांनी माठ घेताना टिचकी मारली, ते ठीक. सगळेच मारतात. पण मग त्यांनी तराजूच्या दांडीला मारली, माठवाल्याच्या मांडवाच्या खांबाला मारली आणि त्याला सांगितलं की खांब ढिला आहे. माठवाला म्हणाला, "आबा, माठ घ्यायचाय का मांडव?"

त्यांच्या वस्तीजवळच्या गावात पिठाची गिरणी होती. एका सुट्टीच्या दिवशी दळण घेऊन गेले आणि गिरणीचा दांडा थोडा भोवळतोय हे त्यांना आवाजावरून कळलं. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी गिरणी बंद करायला लावली, घरी जाऊन स्वतःचा जुना डायल आणला आणि तीन तास बसून दांडा सरळ केला. डबे घेऊन ताटकळलेल्या बायकांनी त्यांना जे काय ऐकवलं ते काकूंनीच मला नंतर सांगितलं. काकू म्हणजे त्यांची बायको. म्हणाल्या, "ह्यांना जेवाय बसवलं तरी ताट कुठल्या अंगाला कललंय त्ये बघत्यात." आप्पा शेजारी बसून हे शांतपणे ऐकत होते आणि त्यांना त्यात काही विनोदी वाटलेलं दिसत नव्हतं.

मला ते आवडत होते. हे लिहायला आज मला लाज वाटते, पण आवडत होते हे खरं आहे.

आता त्यांच्या बोलण्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यातच अडकलं आहे. कॉलेजात आम्ही डायलचं रीडिंग प्लस आणि मायनस असं लिहायचो. आप्पा त्या भानगडीत पडत नसत. त्यांच्या उस्तादाने त्यांना शिकवलं होतं, आत आणि बाहेर. डायलचा पाय आत दाबला गेला तर आत. सुटून बाहेर आला तर बाहेर. "आत धा", "भाईर पंधरा", असं ते काट्यावरची नजर न काढता बोलायचे. ते स्वतः कधी लिहीत नसत. बघणाऱ्याने लिहायचं नाही असा त्यांचा दंडक होता. लिहायला खाली बघितलं की डोळा जागा सोडतो. त्यांचं ऐकून लिहिणारा एक जुना फिटर होता. पंधरा वर्षं तोच लिहीत होता, आणि त्या दोघांत आत म्हणजे काय, बाहेर म्हणजे काय, हे विचारायची वेळ कधी आली नव्हती.

बॉयलरच्या मोठ्या पंख्याची मोटर बदलली तेव्हा तो फिटर गावच्या जत्रेला रजेवर गेला होता. म्हणून लिहायला मी बसलो.

पंख्याची खोली अरुंद आहे. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला भिंत. तिथे काम करणारी माणसं भिंतीकडच्या बाजूला आत म्हणतात आणि दाराकडच्या बाजूला बाहेर. मीही तेच म्हणायचो. मोटर आत घे, मोटर बाहेर काढ. आप्पांनी डायल पंख्याच्या दांड्यावर बांधला, पाय मोटरच्या कप्लिंगवर टेकवला, दाराच्या बाजूला शून्य केला, टिचक्या मारल्या आणि दांडे फिरवायला सांगितले. पाय भिंतीच्या बाजूला पोचला तसे ते म्हणाले, "आत ऐंशी." बोलताना त्यांनी अंगठा हवेत दाबून दाखवला. मी वहीत लिहिलं, आत ८०.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. डायल लावलेला असताना ते फोन घेत नसत. पण तो थांबेना म्हणून शेवटी घेतला. घरचा होता. काकूंच्या छातीत दुखत होतं आणि त्यांना दौंडला दवाखान्यात नेलं होतं. आप्पा उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा काट्याकडे पाहिलं. दुपारचे अडीच वाजले असतील.

"तुम्ही जा आप्पा," मी म्हणालो. "रीडिंग झालंय. मोटर सरकवायची तेवढी राहिली. मी घेतो करून."

"चाळीसच सरकवा हां साहेब. ऐंशी न्हाई. फिरून आलेलं माप दुप्पट आसतं." लोक नेहमी जी चूक करतात तिच्यापासून त्यांनी मला सावध केलं. दुसरी चूक कुणी करू शकेल असं त्यांच्या मनात आलं नाही. "आन् बोल्ट आवळून झाल्यावर शेवटचं रीडिंग घ्या. आवळताना मोटर चळती. घ्याल ना?"

"घेतो."

अलाइनमेंटचा एक छापील कागद असतो. पहिल्या रीडिंगचा नुसता आकडा, शेवटच्याचा आकडा, खाली सही. आत की बाहेर ते वहीत. शेवटच्या रीडिंगचा चौकोन रिकामा असताना आप्पांनी त्या कागदावर सही केली. मी त्यांना ओळखत होतो तेवढ्या काळात अशी सही त्यांनी केलेली मी पाहिली नव्हती. सही करून ते मोटरसायकलकडे धावत गेले.

मी काम अगदी नीट केलं. मोटरच्या पायाशी दुसरा डायल लावला, हेल्परांना म्हणालो, "मोटर अंदर लो, दीवार की तरफ," आणि मोजून चाळीस घरं भिंतीकडे सरकवली. एक घर जास्त नाही, एक घर कमी नाही. म्हणजे जेवढी चूक होती तेवढीच मी तिच्यात आणखी घातली. मग बोल्ट आवळले. मॅनेजर दर पंधरा मिनिटांनी येत होते. शेवटचं रीडिंग घ्यायला पुन्हा स्टँड बांधा, टिचक्या मारा, फेरी फिरवा, यात तास गेला असता. इतकं मोजून सरकवल्यावर काय बघायचं, असं मला वाटलं. रिकाम्या चौकोनात मी लिहिलं, ०४, म्हणजे चालण्याइतका फरक.

पंखा सुरू झाला तो गुरगुरतच. मॅनेजर म्हणाले, "नवी मोटर आहे, बसेल दोन दिवसांत." मी म्हणालो, "बसेल." आप्पा असते तर त्यांनी तो आवाज गेटवरून ओळखला असता. पण ते दौंडच्या दवाखान्यात काकूंच्या उशाशी होते. काकू वाचल्या. नवव्या दिवशी इकडे कप्लिंग तुटली. तिची एक पिन जाळी फोडून उडाली आणि बॉयलरची राख ओढणाऱ्या एका बिहारी कंत्राटी कामगाराच्या गुडघ्यात घुसली. त्याची वाटी फुटली.

आप्पांना फोनवर कळलं. ते दौंडहून थेट शिरूरला, त्या कामगाराला ठेवलं होतं त्या दवाखान्यात गेले. कंपनीत आलेच नाहीत. पुढचे बारा-पंधरा दिवस ते रोज त्याच्याजवळ जाऊन बसत. तो त्यांना म्हणायचा, "आप्पा, आप क्यों आते हो? आपने क्या किया है?" आप्पा त्याला दोन्ही वेळचं जेवण भरवत आणि परत जात. तो गावी गेला तेव्हा काठी घेऊन गेला. नंतर त्याचं काय झालं मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

माझी चूक मला चौकशीच्या आदल्या दुपारी कळली. पंख्याच्या खोलीत एकटा उभा राहून मी मोटरकडे पाहत होतो. ती भिंतीकडे इतकी गेली होती की पट्टी लावली तरी दिसत होतं. वहीतलं पान काढलं. आत ८०. आणि आप्पांचा तो दाबलेला अंगठा आठवला. पाय आत. डायलचा पाय भिंतीच्या बाजूला आत दाबला गेला होता, म्हणजे मोटर आधीच भिंतीकडे होती. तिला बाहेर काढायचं होतं. ते पान फाडलं आणि बाहेर जळक्या ऑइलचा ड्रम होता त्यात बुडवलं. कागद तळाला जाईपर्यंत लाकडाने दाबून धरला. इतक्या काळजीने मी कंपनीत दुसरं कुठलं काम केलं असेल असं मला वाटत नाही.

चौकशीत एकेकाला आत बोलावलं. हेड ऑफिसचा माणूस आणि मॅनेजर टेबलामागे बसले होते.

"रीडिंग कोणी घेतलं?"

"आप्पांनी."

"तुम्ही त्याप्रमाणेच मोटर हलवली?"

"हो."

"शेवटचं रीडिंग घेतलं होतं?"

"कागदावर आप्पांची सही आहे."

तीन उत्तरं. यातलं एकही वाक्य खोटं म्हणून कुणी पकडलं नसतं, आणि मी तेव्हा स्वतःची समजूत त्यावरच घातली.

आप्पांना आत जे सांगितलं गेलं ते एवढंच, की मोटर तुमच्या रीडिंगप्रमाणे सरकवली होती आणि तरीही चुकीच्या बाजूला गेली होती. ते भांडले नाहीत. मला वाटलं होतं, भांडतील. कागद दाखवा म्हणतील, पान कुठंय विचारतील. मी त्याचीही उत्तरं तयार ठेवली होती. ते बाहेर आले आणि माझ्याशेजारी बाकावर बसले.

"काटा भाईर गेला आसंल साहेब," ते म्हणाले, "आन् मी आत बोललो. फोनच्या आदीच माझं ध्यान उडालं व्हतं. सकाळपासनं तिला कसंतरी व्हत व्हतं, मी तसाच आलो." मग त्यांनी विचारलं, "तुमच्यावर काय आलं न्हाई ना?"

मी म्हणालो, "नाही."

"बरं झालं," ते म्हणाले.

कंपनीने त्यांना काढलं नाही. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, स्टोअरमध्ये बसा म्हणाले. आप्पांनी डायलची पेटी घोंगडीसकट स्टोअरमध्ये जमा केली, पावती घेतली आणि राजीनामा दिला. डायल कंपनीचा होता, घोंगडी त्यांची होती. स्टोअरवाल्याने ती परत देऊ केली तर म्हणाले, राहू दे तिथंच.

यानंतर मी त्यांना सांगू शकलो असतो. एकदा नाही, कितीतरी वेळा. मी स्वतःला सांगत राहिलो की आता सांगून काय उपयोग, त्यांना नोकरी परत मिळणार नाही, मलाही घर आहे, माझं नुकतंच लग्न झालंय. मग मला मूल झालं. मग बढती झाली. प्रत्येक वेळी न सांगायला नवं आणि चांगलं कारण मिळत गेलं.

दोन-तीन वर्षांनी पाटसच्या स्टँडवर ते मला दिसले. बारामतीकडून आलेली गाडी उभी होती. पाटीवर हातभर अक्षरात दौंड लिहिलेलं. आप्पा पाटीखाली उभे राहून एका बाईला विचारत होते, "ही दौंडला जाती का?" ती हो म्हणाली. मग त्यांनी एका कॉलेजच्या पोराला विचारलं. मग कंडक्टरला. कंडक्टर म्हणाला, "आबा, वाचता येत न्हाई का? एवढं मोठं लिवलंय की."

"येतं," आप्पा म्हणाले. "पर एकदा तुम्हीच सांगा."

मी चहाच्या टपरीआड उभा राहिलो. गाडी जाईपर्यंत बाहेर आलो नाही. तीस वर्षं केसाच्या जाडीचा फरक ज्याच्या डोळ्याने पकडला, त्या माणसाचा गाडीच्या पाटीवर भरवसा राहिला नव्हता. ते कुणामुळे हे त्या स्टँडवर एकट्या मला माहीत होतं.

नंतर गिरणीवाल्याकडून कळलं की त्यांनी गावातही यंत्राला हात लावायचं सोडलं. गिरणीचा दांडा पुन्हा भोवळायला लागला तेव्हा लोक त्यांना बोलवायला गेले. ते आले, लांब उभे राहून आवाज ऐकला आणि म्हणाले, "शिरूरवनं मानूस आना." मोटरसायकल विकली. औषधाच्या गोळ्या काकूंकडून मोजून घेतात. तारीख दोघातिघांना विचारतात.

यंदा आमच्या कंपनीत लेझरचं यंत्र आलं. आता डायल लावायला लागत नाही. दोन डब्या दोन दांड्यांवर बसवायच्या, दांडा थोडा फिरवायचा आणि टॅबच्या पडद्यावर मोटरचं चित्र येतं. चित्रावर बाण येतो. इकडे एवढी सरकवा. शिकवायला आलेला मुलगा सांगत होता की यात भाषेचा प्रश्नच येत नाही, बिहारचा असो की बारामतीचा, कुणीही बाण बघून करू शकतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर गेलो आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिलो. पुढच्या सुट्टीला मी पाटसला गेलो.

आप्पा ओसरीवर खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. मला पाहून उठायला लागले तसं मी त्यांना धरून बसवलं. काकूंनी पाणी आणलं. कंपनीचं, पावसाचं, उसाच्या तोडीचं बोलून झालं. मग मी सांगितलं. काहीही न गाळता सांगितलं. आत म्हणजे पाय आत हे मला समजलं नाही, मी मोटर भिंतीकडे घेतली, शेवटचं रीडिंग घेतलंच नाही, चौकोन मनानेच भरला. "तुम्ही बरोबर वाचलं होतं आप्पा. चूक माझी होती. सगळी माझी."

त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "त्यो कागद हाय का? तुम्ही लिवलेला?"

"नाही. मी फाडून टाकला."

"का?"

"भीती वाटली."

ते काकूंकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. "बघ," ते म्हणाले. "एवढ्या लांबनं आले. कशापायी? तर माझं वझं सोताच्या डोक्यावर घ्याया."

"आप्पा, मी खोटं बोलत नाही."

"साहेब, तुम्ही शिकल्यालं इंजिनेर मानूस. आत कंचं आन् भाईर कंचं तुमाला कळत न्हाई व्हय? आन् शेवटचं रीडिंग घेतो म्हनून तुम्ही शबूद दिला व्हता. तुम्ही घेतलं न्हाई आसं कसं हुईल?" ते हसले. "मला बरं वाटावं म्हनून बोलताय. कळतंय मला."

मी पुन्हा सांगितलं. खाटेवर बोटाने रेघा काढून दाखवलं, भिंत कुठे, दार कुठे, मोटर कुठे गेली. ते लहान मुलाचं ऐकावं तसं ऐकत होते. माझ्या आईची शपथ घेतली. "शपथा घालू नका," ते म्हणाले. "माझ्या मनाला ठावं हाय. त्या दिशी माझं ध्यान हिच्याकडं व्हतं."

काकू दाराला टेकून उभ्या होत्या. "माझ्यापायीच झालं त्ये समदं," त्या म्हणाल्या. त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की हे वाक्य त्या घरात रोज म्हटलं जात असणार हे मला कळलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आप्पांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "एक बोलायचं व्हतं तुमाला, कवापासनं. माझ्या सहीच्या कागदावर तुमचंबी नाव आलं. त्या साहेबापुढं तुमाला उभं ऱ्हावं लागलं. चूक माझी, आन् तुम्ही उभं ऱ्हायला. तुम्ही आज आपनहून आला म्हनून बोलतो. मला माफी करा."

"आप्पा, असं बोलू नका. माफी मी मागायला आलोय."

"न्हाई, करा. एकदा म्हना."

मी नाही म्हणत राहिलो. ते हात सोडेनात. काकू पुढे आल्या आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "म्हना की साहेब. कितीक वर्सं झाली, ह्यांना झोप न्हाई."

मी आप्पांकडे पाहिलं. ते उत्तराची वाट बघत होते.

"केलं माफ, आप्पा," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात सोडला, डोळे पुसले आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.